पाटकरी आप्पांची इंग्रजी कादंबरी

भांडण कुणाचंही असो, आमचे आप्पा पहिला प्रश्न एकच विचारत, "पाण्याची पाळी कुणाची व्हती?" मग ते सासू-सुनेचं असो, सख्ख्या भावांचं असो, नाहीतर टीव्हीवरच्या मालिकेतलं. आप्पा माझे थोरले चुलते. कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, ते सांभाळायची नोकरी. निमगाव सावा आणि आसपासच्या शिवारांतली भांडणं त्यांनी जन्मभर चारीवर, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या पाटावर, उभं राहून ऐकली होती. "मानसं सांगत्यात एक, आन् भांडत्यात पाण्यावरनं," हे त्यांचं ठाम मत.

बारावीनंतर मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी इंग्रजी साहित्यात बी. ए. करायला इंग्लंडला निघाले, तेव्हा सगळी भावकी आप्पांकडे जमली. "इंग्रजी तर येतंय की पोरीला! औषधाच्या बाटलीवरचं समदं वाचून दावती. मंग परत तेच शिकाया इमानात कशाला बसायचं?" आप्पा म्हणाले, "ती भाषा शिकाया न्हाई, गोष्टी शिकाया चाललीय." भावकी आणखीच गोंधळली. गोष्टी तर आप्पाच फुकट सांगत.

दर रविवारी दुपारी ते शेठजींच्या कापडदुकानातल्या एसटीडी बूथवर येऊन बसत आणि मी तिकडून फोन लावी. तब्येत, जेवणखाण दोन वाक्यांत उरके. "आता सांग, काय वाचलं?" मी हातात असलेली कादंबरी सांगायची आणि ते प्रत्येक वाक्य दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोठ्यानं ऐकवायचे. साड्या बघायला आलेल्या बाया घड्या तशाच टाकून ऐकत. एकदा मागून शेठजींचाच आवाज आला, "राव, गोष्टीतल्या त्या धाकट्याचं लग्न जमलं का, तेवढं विचारा की!"

माझं मात्र तिकडे काही खरं नव्हतं. पहिल्या निबंधावर आमच्या प्राध्यापक बाईंनी लिहिलं, यात मोठमोठ्या समीक्षकांची मतं आहेत, तुझं कुठे आहे? दुसऱ्यात तर मी नापासच. वर्ष वाया गेलं की शिष्यवृत्तीही बंद. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. एका रविवारी फोनवर मी रडलेच. "आप्पा, मला नाही जमत. मी परत येते."

घसा खाकरून आप्पा म्हणाले, "त्या दोन घरांचं पुढं काय झालं?"

असा राग आला म्हणता! तरी सांगितलं. कादंबरीतली दोन शेतकरी घरं, पिढ्यांचा जिव्हाळा, आणि एका उन्हाळ्यात वैर धरतात. समीक्षक म्हणत होते, प्रेमभंगामुळे. मीही तेच लिहिणार होते.

"उन्हाळ्यात व्हय?" आप्पांचा आवाज बदलला. "पाळी कुणाची व्हती?"

"आप्पा, हे इंग्लंड आहे. इथं रोज पाऊस पडतो!"

"पडू दी. तू बघ तर खरं."

केवळ त्यांना खोटं पाडायला मी पुस्तक पुन्हा उघडलं. तिसऱ्याच प्रकरणात सापडलं: ओढा, ओढ्यावरची गिरणी आणि पाणी अडवणारं लाकडी दार. ज्या आठवड्यात वरच्या घरानं ते दार बंद ठेवलं, त्याच आठवड्यात खालच्या घरानं बोलणं सोडलं होतं. प्रेमभंग त्याच्या कितीतरी पानं पुढे! निबंध मी एका बैठकीत लिहिला, आमच्या चारीवर पाळ्या कशा लागतात तेही त्यात घातलं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणाले, माझे चुलते पाटकरी आहेत. मग पाटकरी म्हणजे काय, ते समजावण्यात उरलेला तास गेला. त्या वर्गात इतकं मी कधीच बोलले नव्हते.

मी पास झाले. आप्पांनी दुकानात पेढे वाटले आणि "पोरीनं इंग्रजांची पाणीचोरी पकडली" अशी बातमी पार पिंपळवंडीच्या पाहुण्यांपर्यंत पोचवली.

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात त्या वर्षीच्या सुट्टीतले. ओट्यावर आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो होतो. मी लटक्या रागानं विचारलं, "मी रडत होते आणि तुम्ही कादंबरी विचारत बसलात. एकदा 'ये' म्हणाला असतात तर काय झालं असतं?"

आप्पांनी दाणे माझ्या हातावर ठेवले.

"आली असतीस," ते म्हणाले. "तू यावं, आसं मला बी लई वाटत व्हतं."