अमावास्येचा समुद्र

मधुकरदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकलला होतो. कन्हानहून आलेला त्याचा शेजारी प्रयोगशाळेच्या दारातून मला बाहेर बोलावत होता... मला लेख लिहायची सवय नाही. पण दादा आठवला की रडू यायच्या आधी समुद्रच डोळ्यांपुढे येतो, म्हणून तेच लिहितो.

दादा माझा मावसभाऊ. कन्हानला त्याचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. सारा जन्म दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो काढण्यात गेला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शटर तासभर उघडं ठेवलं तर सरकत्या ताऱ्यांच्या रेघा उमटतात, असं मी एकदा सांगितलं आणि त्यानं ध्यासच घेतला. "समुद्रात बुडताना काढू गा तारे. एक तरी फोटो माह्या मनचा." समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता.

कोकणातल्या एका आडबाजूच्या किनाऱ्यावर आम्ही मुद्दाम अमावास्या धरून पोचलो, काळोख हवा म्हणून. अंधार पडल्यावर पाण्यापासून लांब, ओल्या वाळूत स्टँड रोवला, शटर उघडलं. आकाश इतकं गच्च भरलं होतं की आम्ही कुजबुजतच बोलत होतो. अमावास्येला उधाण येतं हे आम्हाला कुठून ठाऊक? आमच्याकडचा तलाव रात्री असतो तिथेच सकाळी सापडतो.

"दादा, पाणी येऊन राहिलं."

"येऊ दे. हात नको लावू, फोटो हलंन."

"अन् कॅमेरा गेला तर?"

"तर तुह्या लग्नाचे फोटो काढाचे राहतीन. कायले भेतं?"

त्याच्याजवळ तो एकच कॅमेरा. घर त्यावर चालायचं. तरी त्यानं शटर मिटलं नाही. लाटा अडवायला आम्ही स्टँडपुढे, लेन्सच्या खाली, समुद्राकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलो. लाटा पाठीवर फुटत होत्या आणि दादा लहान पोरासारखा हसत होता... शेवटी एका लाटेनं स्टँडचा पाय खचवला. त्यानं शटर बंद केलं, कॅमेरा डोक्यावर घेतला आणि आम्ही धावत सुटलो.

फोटो आला. रेघा तिरप्या समुद्राकडे उतरलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एकसारखा हिसका. दादानं तो नवरा-नवरींच्या फोटोंमध्ये टांगला. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कोणाचं लगन होय गा?" तो म्हणायचा, "वरात पाहा ना, केवढी हाय."

स्टुडिओ आता बंद आहे. वहिनीनं तो फोटो मला दिला. धरमपेठेतल्या माझ्या खोलीत आहे. खालच्या काठाशी फेसाचा पांढुरका पट्टा, त्यात दोन काळे डाग. येणारे त्यांना खडक समजतात. डावा दादा आहे.