एका इंडिपेंडंट नवऱ्याची मुलाखत

ज्या जागेसाठी मी कधी अर्जच केला नाही, त्या जागेवरून मला काढून टाकण्यात आलं. तेही परदेशातल्या शाळेनं, आणि तेही माझ्या सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत!

माझी बायको सुजाता फिजिक्स शिकवते. परदेशातल्या शाळा शिक्षक निवडायला मेळावे भरवतात, तशा एका मेळाव्यात तिनं नाव घातलं. मेळावा म्हटल्यावर मला वाटलं मांडव असेल, चहा असेल, निदान धक्काबुक्की तरी असेल. कसलं काय! सगळा मेळावा लॅपटॉपमध्ये. आणि तो शनिवारी सुरू व्हायच्या आधीच, शुक्रवारी, कझाकस्तानातल्या एका शाळेचा निरोप आला : इतरांच्या आधी आम्हाला तुमच्याशी बोलायचंय, उद्या सकाळी, वीस मिनिटं. वीस मिनिटं! आमच्या सासूबाई शहागंजच्या बाजारात वांगी निवडायला याच्यापेक्षा जास्त वेळ घेतात!

"आधी मुलाखत, लगेच ऑफर, आणि ऑफर आली की एका दिवसात हो किंवा नाही," सुजातानं रीत समजावून सांगितली.

"पहिल्याच ऑफरला हो म्हणायचं नसतं, पोरी," मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे, पोस्टातून रिटायर झालेले. "मागं पहिल्याच स्थळाला हो म्हणालीस. बघ."

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

आता माझी बाजू ऐका. मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सोडली, चितेगावच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून आलो, ती सुटल्यावर पडेगावात दुरुस्तीचं दुकान टाकलं. या शहरात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. एम.एस्सी. झालेल्या पोरीनं मला हो म्हटलं, तिच्या आईबापांनी ताट वाढलं, ते मी विसरलेलो नाही. (पण मी घरजावई नाही! एक भिंत सोडून राहतो. इकडं फक्त नाश्त्याला आणि दोन्ही वेळच्या जेवणाला असतो.) त्यामुळं माझी काळजी वेगळीच होती. ही गेली आणि मी इथंच राहिलो तर?

"अहो, नवऱ्याला नेता येतं," सुजाता म्हणाली. "घरसुद्धा देतात. उद्या मी स्वतः विचारते ना."

शनिवारी सकाळी मुलाखत मामांच्या बैठकीत ठेवली, कारण नेट त्यांच्याकडं बरं. कुकरची शिट्टी काढून ठेवली. मामींना स्वयंपाकघरात, मामांना पेपरासकट बाहेरच्या ओट्यावर बसवलं. आणि मला? मला गेटवर! थंडीत कानटोपी घालून, हातात काठी घेऊन. गल्लीतली कुत्री भुंकू नयेत म्हणून!

तेवढ्यात भोंगा लावून भंगारवाला आला.

"भाई, भोंगा बंद कर. अंदर इंटरव्यू चालू है."

"किसका?"

"मेरी बायको का."

त्यानं मला कानटोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. "तो तू बाहर कायकू खडा है? वॉचमन की नौकरी लगी क्या?"

मी दात-ओठ खात खिडकीपाशी सरकलो. (ऐकायला नव्हे. तिकडं ऊन होतं.) आत सुजाता हसून इंग्रजी बोलत होती. त्यात "माय हजबंड" आलं, मला बरं वाटलं. पाठोपाठ "डिपेंडंट" आलं. मग पलीकडून शाळेच्या बाईंनीही म्हटलं, "येस, डिपेंडंट."

मी ओट्यावर गेलो. "मामा, डिपेंडंट म्हणजे काय?"

"आश्रित," मामांनी पेपर खाली न करता सांगितलं. "आमच्या पोस्टात डिपेंडंट म्हणजे म्हातारी आई, नाय तर शाळेत जाणारी लेकरं. तुम्ही कशात बसता?"

माझं टाळकंच सटकलं! आश्रित? स्वतःचं दुकान असलेला माणूस? ज्याच्याकडं अर्ध्या पडेगावाचे कूलर पडून आहेत तो? मी तसाच दार ढकलून आत घुसलो आणि लॅपटॉपसमोर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम! आय नॉट डिपेंडंट! आय इंडिपेंडंट! माय ओन शॉप! फुल इंडिपेंडंट!"

पडद्यावर निळ्या चष्म्याच्या प्रिन्सिपॉल बाई होत्या. त्यांनी माझी कानटोपी पाहिली. मग काठी पाहिली. (ती मी "फुल" म्हणताना वर केली होती, असं नंतर मला सांगण्यात आलं.) त्यांचा चेहरा उतरला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सुजाता, आर यू सेफ?"

आणि सुजाता तोंड उघडणार तोच नेट गेलं!

नेट आलं तेव्हा बाई दुसऱ्या कुणाच्या मुलाखतीत होत्या. ऑफर मात्र आली. सुजातानं ती वाचली आणि खुर्चीत टेकली.

"नोकरी दिलीय. मी एकटीनंच यायचं, असं लिहिलंय. पतीपासून लांब राहायचं असल्यास शाळा माझ्या पाठीशी उभी आहे म्हणे. खोली एका जर्मन बाईबरोबर."

"आणि मी?"

"तुम्ही इंडिपेंडंट!"

मामी स्वयंपाकघरातून आल्या. "जावई, एवढं इंग्लिश येत व्हतं तर इतके दिवस कुठं ठिवलं व्हतं?"

मला सांगा, हा न्याय झाला? ज्यानं आजवर चहा गार झाला म्हणून कधी आवाज चढवला नाही, त्याच्यापासून बायकोला वाचवायला कझाकस्तान निघालं! मी बराच वेळ बोलत होतो. मग सुजाता एवढंच म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही नसाल तर मी नाही म्हणून कळवते."

कैक वर्षं या मेळाव्याची वाट बघत होती ती. आणि मामांनी चक्क पेपर खाली ठेवला, हे त्याहून वाईट!

रविवारी तिनं बाईंकडून पाच मिनिटं मागून घेतली. या खेपेला खुर्चीत मी. अंगात लग्नातला शर्ट, डोक्यावर काही नाही, हात दोन्ही दिसतील असे टेबलावर.

"मॅडम, सॉरी. आय डिपेंडंट."

"यू आर शुअर?" बाई सावधच होत्या. "काल तुम्ही म्हणालात तुमचं दुकान आहे."

सुजाता मागून बोलायला लागली, तर बाईंनी तिला थांबवलं. मला वाटलं, संपलं! तेवढ्यात मामा पुढं झाले. पोस्टातल्या सगळ्या नोकरीचं इंग्रजी त्यांनी एका वाक्यात खर्च केलं : "मॅडम, सिन्स मॅरेज ही इज ईटिंग हिअर. आय सर्टिफाय!"

"सांगा तिला, लई गरीब माणूस हाय," मामी दारातून म्हणाल्या. "चहा बी धड करता येत नाय. मारतोय कुणाला!"

सुजातानं याचं भाषांतर केलं, आणि जराही गाळलं नाही. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

"दुकान कशाचं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"समर कूलर, मॅडम. रिपेअरिंग."

बाईंनी मान वळवून आपल्या खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्फ पडत होता. नुसता पडत नव्हता, आडवा येत होता.

"ओके," त्या म्हणाल्या. "डिपेंडंट."

पुढचा प्रश्नच नाही! वर्ग, प्रयोगशाळा, शिस्त यांवर सुजाताचं वीस मिनिटं डोकं खाल्लं, आणि मी एका उत्तरात पक्का! संध्याकाळपर्यंत नवी ऑफर आली. दोघांची नावं, एक घर, जर्मन बाई रद्द. सुजातानं हो कळवलं, आणि पहिल्या ऑफरबद्दल मामा अवाक्षर बोलले नाहीत.

मी मात्र ताठ मानेनं उठलो. आपली निवड झाली, मग पेढे आपणच वाटणार! शहागंजातून चांगले खव्याचे आणतो, असं सगळ्यांना ऐकवून, बूट घालून, मामांच्या स्कूटरला किक मारली.

मग खिसे चाचपले, स्कूटर बंद केली आणि परत आत गेलो.

"सुजाता," मी जरा हळूच म्हणालो, "पेढ्यांपुरते देतेस का?"