माझ्या दहाव्याचा कावळा

लढाई संपली, आम्ही कैदेतून सुटलो आणि मिसरच्या वाळूत, तंबूत, जहाजाची वाट बघत बसलो. रोज नवी यादी लागायची, रोज माझं नाव नसायचं. तरी मी खूश होतो, एकदम खूश! मग बनारसहून बायकोची चिठ्ठी आली आणि कळलं की मी मेलोय.

खरंच! मी पकडला गेलो तेव्हा घरी तार गेली होती, 'बेपत्ता'. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, हे काकांनीच अख्ख्या मोहल्ल्याला शिकवलेलं. पंडित ना ते मोठे! माझ्यासाठी मात्र त्यांना एक वर्ष धीर धरवला नाही. गोऱ्यांच्या फौजेत गेलो, समुद्र ओलांडला, त्याचा राग. पळसाच्या पानांचा माझा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि नेऊन जाळला. नारळ! माझं डोकं!

हिच्या बांगड्या फोडल्या. वीस वर्षांची आहे ही. बरं, आता माझ्या हातचं पत्र पोचलं, तरी काका हिला म्हणाले, "क्रिया झाली ती झाली. तो येऊन पुन्हा संस्कार होईपर्यंत शास्त्राने तो मेलेलाच. तू अशीच राहा." म्हणजे जहाज जितकं लांबणार तितके दिवस ही कोपऱ्यात, मोकळ्या हातांनी. नवरा इथे चहा पितोय आणि ही विधवा!

तंबूतला साताऱ्याचा हवालदार म्हणाला, "पंडित, मेलेल्याला च्या कशाला? आण हिकडं."

"हात लावून बघ!"

"आरं तिच्या, भूत चिडलं!"

सगळे हसले. मी नाही. मी मनातल्या मनात काकांची शेंडी धरून त्यांना गंगेत बुचकळत होतो, वर काढत होतो, पुन्हा बुचकळत होतो.

आणि मग चिठ्ठीतली शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, तुझी जी इच्छा राहिली असेल ती पुरी करीन. तरी शिवेना. मग दर्भाचा कावळा करून शिववला.'

कसा शिवणार? मी कैदेत बटाटे सोलत होतो!

पण भूत म्हणाला ना हवालदार? बस्स. मुद्दाम उघडं कार्ड घेतलं, पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावं म्हणून.

'तीर्थरूप काकांस मृत पुतण्याचा साष्टांग नमस्कार. मी मेलो, हे मला मान्य. पण कावळा शिवला नाही, इच्छा राहिली आहे, आणि आपण घाटावर शब्द दिला आहे. इच्छा अशी की चुडीवालीला आपण स्वतः बोलावून आणावं आणि मोहल्ल्यासमोर हिला हिरव्या बांगड्या भराव्यात. नाहीतर मी समंध होऊन आपल्याच मानेवर बसतो. शास्त्र आपणांस ठाऊक आहेच.'

किती याद्या लागल्या, माझं नाव नाही. पण हिची चिठ्ठी आली!

'काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुन्शी घाटाकडून पुढे काका, मागे चुडीवाली. लोक गच्चीवर चढलेले. बांगड्या कुणासाठी, ते चुडीवालीनं मोठ्यानं विचारलं, "पंडितजी, केकरे बदे?" काका खाली बघून म्हणाले, "हमरे बहू बदे." घट्ट भरल्यात. एक जास्तीचीही भरली.'

हवालदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "झालं की मग तुझ्या मनासारखं."

"नाही. नारळ राहिलाय."

शेवटी यादीत नाव आलं. बनारसला उतरलो तो आधी घाटावर गेलो, चांगला शेंडीवाला नारळ घेतला, घरी काकांच्या पायाशी ठेवला आणि वाकलो.

"काका, हे आणखी एक डोकं. लागलं तर असू दे."

नारळ आता देवघरात आहे. काका तो रोज देवांच्या मागे सरकवतात. मी रोज पुढे आणून ठेवतो.