दांडा नसलेली बोरिंग

"दात दाखव."

रस्त्यात कुणाचंही लेकरू भेटलं की ते हेच म्हणायचे. नाव विचारणं नाही, तू कुणाचा हे विचारणं नाही. लेकरू ओठ वर करायचं, ते वाकून बघायचे, "हं" म्हणायचे आणि सायकल ढकलत पुढे जायचे. एकदा लग्नाच्या मांडवात चक्क नवरीलाच म्हणाले. नवरदेवाचा मामा चिडला, "बैल पसंत करून राह्यला का बे?" आणि त्यांना हाताला धरून मांडवाबाहेर काढलं. ते बाहेर उभे राहूनसुद्धा सांगत होते, "तिचे चांगले हायेत जी. ती आपल्या गावची नाई."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सायकलच्या कॅरिअरला ब्लिचिंग पावडरचा डबा, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, शर्टावर पावडरचे पांढरे डाग. पंचायतीच्या कागदावर ते जलसुरक्षक होते. गावात सगळे भाऊ म्हणत. मीही तेच म्हणते.

आमच्या घरात दात दाखवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या दातांवर तपकिरी पट्टे. हसताना मी तोंडावर हात धरायची, इतकी सवय की घरात एकटी असले तरी हात आपोआप वर जायचा. बाबांचं त्याहून वाईट. चाळिशी ओलांडण्याआधीच ते वाकले. आधी धानाच्या बांधीतून उठताना कमरेवर हात ठेवायचे, मग उठायला आईचा हात लागायला लागला, मग मान वळेना. हाक मारली की पूर्ण अंगाने फिरायचे. रोवणीला त्यांना कुणी बोलवेनासं झालं. आई एकटी मजुरीला जायची, उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायची. कुणी म्हणे वात आहे, कुणी म्हणे करणी केली. डॉक्टर गोळ्या द्यायचे. त्या गोळ्या बाबा बोरिंगच्या पाण्याबरोबर गिळायचे.

ती बोरिंग, म्हणजे हातपंप, आमच्या बौद्ध मोहल्ल्यात, विहाराच्या समोर. आजीच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर आम्ही लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर भांडं भरायचं. बोरिंग आली त्या दिवशी आजीने स्वतःच्या हाताने दांडा हलवला. कुणाला विचारावं लागलं नाही. हे ती मरेपर्यंत सांगायची. त्या पाण्यात खोट आहे असं म्हणणं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

मी ब्रह्मपुरीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नुकतीच गेले होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिली मीच. तेव्हा गावोगावच्या तरुणांना पाणी तपासायला शिकवायचा कार्यक्रम आला. आम्हा पाच जणांना टोप्या मिळाल्या, फोटो निघाला, भाषण झालं. सगळे गेल्यावर भाऊंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. आत गुलाबी औषध.

"नमुना टाकला आन् गुलाबी राह्यलं तं पी. पिवळं झालं तं नोको पिऊ. याले बी.एस्सी. नाई लागत."

मी आमच्या बोरिंगचं पाणी त्यात टाकलं. गुलाबी राहील अशी मला खात्री होती. बघता बघता ते हळदीसारखं पिवळं झालं. मी बाटली पुन्हा धुतली, पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.

"फ्लोराईड," भाऊ म्हणाले. "जमिनीतूनच येते. दातात बसते, मंग हाडात." त्यांनी नोंदवही माझ्यापुढे केली. "तू लिही. मी लिहिलं तं म्हणतीन, पिऊन लिहिलं."

मी लिहिलं आणि खाली सही केली. मग घरी गेले, आणि बाबांना पाणी देताना माझा हात अडला.

गावची विहीर केव्हाच आटली होती, पाण्याला दोनच बोरिंगी होत्या. दोन्हींचं पाणी पिवळं पडलं. अशी बोरिंग लाल रंगवा, असा नियम. भाऊंनी आधी स्वतःच्या, मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातली रंगवली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर बायांनी तिला हळदकुंकू लावून नारळ फोडलेला. सरकारने रंग मारला म्हणजे बोरिंग सुधारली! आमच्या मोहल्ल्यात नारळ फुटला नाही, पण रांग लांबली. एरवी न येणारे लोकही पाण्याचे गुंड, कळशा घेऊन हजर.

भाऊंनी डोक्याला हात लावला. "लाल म्हणजे थांबा, हे मोटरवाल्याले समजते. आपल्या गावात सिग्नल कुठी हाय?"

आठ दिवसांनी त्यांनी पाना आणला आणि दोन्ही बोरिंगींचे दांडेच काढले. आमचा दांडा खांद्यावर टाकून निघाले तेव्हा माझी काकू आडवी आली. काकूचं तोंड गावात प्रसिद्ध होतं.

"काऊन भाऊ, आमचं हक्काचं पाणी कुठी चाललं?"

"आमच्या मोहल्ल्याचा दांडा आधी काढला बाई. पाहून ये."

"मंग आमी काय पिऊ? तुमचा पसिना?"

सगळ्या बाया हसल्या. भाऊही हसले. "तीन महिने कळ काढ व माय. नदीवरून नळ येऊन राह्यला. साहेबानं सोता सांगतलं."

त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता.

गुलाबी राहणारं पाणी एकाच जागी होतं, जंगलाकडच्या नाल्याजवळच्या जुन्या विहिरीत. बाया तिथून आणू लागल्या. तीन महिने गेले, पावसाळा गेला, हिवाळा गेला. नळ आला नाही. भाऊ दर आठवड्याला अर्ज घेऊन जायचे आणि "वर गेला हाय" एवढं घेऊन परत यायचे.

मोहफुलं पडायच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी सहा बाया पाण्याला गेल्या. येताना काकू सगळ्यांच्या मागे होती. पुढच्या बायांना ओरडणं ऐकू आलं नाही. मागचं बोलणं थांबलं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. वाटेच्या कडेला काकूचा गुंड भरलेला, नीट टेकवलेला. पदर खोचायला थांबली असावी. वाघाने तिला जिथे टाकलं तिथे वनखात्याचे लोक दुपारी पोहोचले.

तो गुंड कुणीतरी घरी आणून ठेवला. काका ते पाणी ओतू देईनात.

त्या संध्याकाळी भाऊंच्या घरावर दगड पडले. "यानंच मारलं" असं लोक उघड म्हणत होते. मी घरात बसून ऐकत होते. नोंदवहीत सही माझी होती. ते कुणी म्हणालं नाही, पण मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी भाऊ आमच्या अंगणात आले. खांद्यावर दांडा, हातात पाना. काकांसमोर उभे राहिले.

"तुमी म्हणा. आत्ता लावतो."

खरं सांगते, मला वाटत होतं काकांनी हो म्हणावं. मग खाटेवरून बाबा बोलले.

"इकडं ये. समोर बस, मले मान वर करता येत नाई." भाऊ बसले. "माह्या पाठीवर हात फिरव."

भाऊंनी हात फिरवला. बाबांची पाठ लाकडासारखी झाली होती.

"हे पोरीले पाह्यजे का? लेकराईले पाह्यजे का?" बाबा म्हणाले. "घेऊन जा तो दांडा."

काका उठले आणि आत गेले. त्या दिवसापासून ते बाबांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ बायांबरोबर पाण्याला जाऊ लागले. बाया पुढे, ते सगळ्यात शेवटी, पत्र्याचा डबा बडवत. तोवर त्यांचीही मान आखडली होती. गावचं पाणी तेही जन्मभर प्यायले होते. मागे बघायचं तर ते बाबांसारखेच पूर्ण अंगाने फिरायचे. दहा पावलं चालायची, फिरायचं, डबा बडवायचा, पुन्हा चालायचं. पहिल्या दिवशी कुणी त्यांच्याशी बोललं नाही. पुढे बाया म्हणू लागल्या, "भाऊ, बँडवाले व्हा आता. लग्नात बलावू." ते म्हणायचे, "मांडवात मले घेत नाईत व."

दोन उन्हाळे त्यांनी असे काढले. मग पायातलं बळ गेलं. आधी काठी, मग खाट. पंचायतीने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. डबा बडवायला बायांनी पाळ्या लावल्या.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेले. ते कुशीवर पडले होते, पाठ टेकता येत नव्हती.

"नळ?" त्यांनी विचारलं.

"नाली खोदून राह्यले भाऊ. आपल्या शाळेपर्यंत आले."

"खरं सांगून राह्यली का बाई, का मले बरं वाटावं म्हणून?"

"खरंच."

मग म्हणाले, "दात दाखव."

लहानपणानंतर त्यांनी मला हे कधी म्हटलं नव्हतं. माझा हात तोंडावर होता. मी तो काढला. त्यांनी नीट पाहिलं. "हं," म्हणाले, आणि डोळे मिटले. पाइप टाकायच्या आधीच ते गेले.

आज गावात वैनगंगेचं पाणी नळाला येतं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि आमच्या गावचा नमुना स्वतः बघते. तो गुलाबी राहतो. बाबांची पाठ सरळ झाली नाही, होणारही नव्हती. काका अजून बोलत नाहीत. माझ्या मुलीचे दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आलेत. पांढरे आहेत.

दोन्ही बोरिंगी जागच्या जागी उभ्या आहेत, रंग उडालेला. दांडे भाऊंच्या घरी दाराआड आहेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला, त्यांच्या बायकोने दिले नाहीत. ते परत कधी लावावे लागले नाहीत.