हिवराखालची माती

खडकदरीत कडूबाईला न ओळखणारं माणूस म्हणजे एक तर कालपरवा नांदायला आलेली सून, नाहीतर नुकताच बदलून आलेला मास्तर. बाकी सगळ्या गावाच्या कानात तिचा आवाज बसलेला आहे. शेळ्यांना ती नावानिशी हाक मारते आणि माणसांना नुसतं 'ए' म्हणते. सरपंचालाही 'ए'च. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण वाईट वाटून घेऊन कडूबाईपुढं निभाव लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खडकदरी अजिंठ्याच्या डोंगरावर आहे. डांबरी रस्ता संपल्यावर एक दमवणारी चढण आहे, आणि ती चढून वर आलं की गावाचं गायरान पसरलेलं दिसतं. जमीन मोठी, पण माती नावालाच. बोटभर तांबूस थर, त्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा खडक. पाऊस पडतो तसा वाहून जातो. नांगराचा फाळ इथं कुणी घातला नाही, घालणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. पण पावसाळा सरला की याच बरडावर कुसळी आणि पवन्याचं गवत गुडघ्याएवढं वाढतं, आणि त्यावर गावातल्या ज्यांना शेत नाही त्यांची जनावरं जगतात. अशा जमिनीला कमी लेखणाऱ्यांनी एकदा तिथलं दूध पिऊन बघावं.

कडूबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला चुलीपाशी बसवलंच नाही. दुसऱ्या दिवशी हातात काठी दिली आणि म्हणाली, "चल." तेव्हापासून ती चालतेच आहे. सासू गेली. नवरा कचरू एका दुपारी पठारावरच हिवराच्या बुंध्याला टेकून बसला, तो उठलाच नाही. झोपला असेल म्हणून हिनं बराच वेळ त्याला हाक मारली नव्हती. ते तिच्या मनातून आजवर गेलेलं नाही. लेक करमाडला दिलेली, जावई शेंद्र्याच्या कारखान्यात. लेक दर फोनला म्हणते, "आई, आता पुरं झालं, इकडं ये." कडूबाई म्हणते, "येते की," आणि फोन ठेवून शेळ्या सोडते.

अख्ख्या पठारावर हिवराची जागा तेवढी वेगळी आहे. तिथं जमीन जराशी खोलगट, वर दोन जुने हिवर, आणि उताराच्या अंगाला सासऱ्यानं कधीकाळी रचलेली दगडांची ताल. दुपारी सगळ्या गावची जनावरं तिथं बसतात. पिढ्यान् पिढ्या बसत आलीत. वाहत आलेली माती तालीशी थांबते, लेंड्या आणि शेण तिच्यात मुरतं, वरून हिवराचा पाला पडतो. तिथली माती काळीभोर, हाताला मऊ आणि कंबरेइतकी खोल आहे. बाकी पठार पायाला टोचतं, इथं जनावर सुखानं अंग टाकतं.

गेल्या रमजानात, मार्च महिन्यात, माती तपासणारी माणसं गावात आली. गावोगावच्या जमिनीची प्रतवारी करून नकाशा काढायचा होता. त्यांची मॅडम म्हणजे संध्या, तिशीतली, संभाजीनगरच्या कार्यालयातली, कामाला चोख. खड्डे खोदायला अजिंठ्याचा जावेद होता. संध्यानं नकाशातलं ठिकाण जावेदला दाखवलं, तिथं खुंटी ठोकली आणि ती खालच्या शिवारातला दुसरा खड्डा बघायला गेली. खुंटी उघड्या बरडावर होती. जावेदनं टिकाव हाणला की ठिणगी उडायची आणि चिमूटभर मुरूम निघायचा. वर ऊन मी म्हणत होतं.

कडूबाई लांबून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"ए, कामून हाडं झिजवतो रं? थांब, पाणी पी जरा."

"रोजा है मावशी," जावेद कपाळ पुसत म्हणाला.

"आन असल्या उन्हात तुला हितंच खांदायला लावलं? चल उठ. तिकडं हिवराखाली सावली बी हाय आन माती बी मऊ हाय. एकाच गायरानातली जमीन. हितं खांदली काय आन तिथं खांदली काय."

जावेद खुंटीकडं बघत थोडा घुटमळला. पण घसा कोरडा पडलेला, संध्याकाळ लांब होती, आणि मावशीच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यानं टिकाव खांद्यावर टाकला. उपाशीतापाशी माणसाला चार हात सावलीत नेणं यात कुणाला काय वावगं दिसणार? मला तर आजही दिसत नाही.

संध्या परत आली तोवर हिवराखाली सरळ उभ्या भिंतींचा खड्डा तयार होता.

"खुंटीपाशी का नाही खोदलं?" तिनं विचारलं.

"वहाँ पत्थर लगा, मॅडम," जावेद म्हणाला. ते खरंच होतं. संध्याला वाटलं, एखादा धोंडा लागला असेल. तिला त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती.

ती खड्ड्यात उतरली. सुरीनं भिंत खरवडली, थर कुठं बदलतो ते टेप लावून पाहिलं, मातीचं ढेकूळ ओलं करून त्याचा रंग रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशी ताडून बघितला. चिमूटभर माती बोटांत मळून तिची फीत काढली, ती न तुटता लांब निघाली, म्हणजे माती चांगली चिकण होती. बाटलीतला आम्लाचा थेंब टाकला तसा खालच्या थराला बारीक फेस आला. "चुना आहे, पण बेताचा," ती स्वतःशीच म्हणाली. मग वर बघून हसली. "आजी, या उंचीवर अशी माती मी पाहिली नव्हती. सोनं आहे हे."

कडूबाईचा ऊर भरून आला. आपल्या सुनेचं कुणी कौतुक करावं आणि सासूनं वरून काही बोलू नये, तशी ती गप्प उभी राहिली. त्या दिवशी तिनं जावेदला घरी बोलावलं आणि रोजा सोडायला शेळीचं दूध दिलं.

दिवाळीनंतर ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लागला. अख्खं गायरान एकाच गडद रंगात रंगवलेलं. खोल काळी जमीन, फळबागेला योग्य. सरपंचानं वाचून दाखवलं की अशा पडीक जमिनींवर आंबा-सीताफळाची लागवड मंजूर होते आहे, उन्हाळ्याच्या आत सगळ्या गायरानाला तारेचं कुंपण पडेल आणि चराई कायमची बंद होईल.

कडूबाई उठून नकाशाशी गेली. तिच्या शेळ्या, आणि तिच्यासारख्याच बिनशेतीच्या घरांची गुरं, जाणार कुठं? बाजारात, दुसरं काय. आणि बरडावर लावलेली आंब्याची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जळून जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणजे जनावरंही गेली आणि झाडंही गेली. सभा उठली तरी ती नकाशापुढं उभी होती. हा रंग कुठून आला, ते तिला तेवढ्यात उमगलं होतं. तो हिवराखालच्या एकुलत्या खड्ड्यातून आला होता. ती जागा आपणच दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शेळ्या शेजारणीच्या हवाली केल्या, अजिंठ्यातून जावेदला बरोबर घेतलं आणि एसटी धरली. हर्सूल मागं पडून शहर सुरू झालं तशी तिनं पिशवी छातीशी घट्ट धरली. कार्यालयात संध्या भेटली. जावेदनं खुंटीचं आणि हिवराचं सगळं सांगितलं. संध्यानं ऐकता ऐकता खड्ड्याची नोंद काढून समोर ठेवली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या गायरानाला एकच खड्डा, आणि तोही जागेवर नाही. मी खुंटीपाशी जाऊन बघायला हवं होतं."

"तुझी नाय, पोरी. म्याच त्याला हलवलं. त्याचा जीव कासावीस व्हत व्हता, मला बघवलं नाय." कडूबाईनं पिशवी खाली ठेवली. "आता तू फिरून बघ. एवढंच मागायला आले."

संध्यानं वरिष्ठांकडं आपली चूक स्वतः कबूल केली. तिचा मान त्यात गेला असणार, पण तिनं ते केलं. फेरतपासणीला तिच्यासोबत तिचे साहेब आले. या खेपेला पठारावर ठिकठिकाणी खड्डे घेतले, आणि जिथं तिथं तेच निघालं: बोटभर माती, मग मुरूम, मग खडक. साहेब प्रत्येक खड्ड्याशी मान हलवत होते. अतिउथळ, मुरमाड, पाणी न धरणारी, फक्त चराईला योग्य. जमलेल्या माणसांच्या हळूहळू जिवात जीव आला.

शेवटी सगळे हिवराखाली आले. साहेबांनी जुना खड्डा पुन्हा उघडायला लावला आणि बराच वेळ वाकून बघितलं.

"एवढ्याशा तुकड्यात अशी माती आली कशी?" ते म्हणाले. "तलावातला गाळ आणून टाकलाय का कुणी? भराव असेल तर आपण तो धरत नाही. मग सगळंच गायरान चराईत जाईल. नाहीतर हा तुकडा वेगळा दाखवावा लागेल आणि लागवड इथं होईल. इथलं कोण सांगू शकेल?"

सगळ्यांनी कडूबाईकडं पाहिलं. संध्यानंही पाहिलं, आणि अगदी सावकाश विचारलं, "आजी, भरावच आहे ना हा?"

"'हो' बोल दो, मावशी," जावेद तिच्या कानाशी पुटपुटला.

सरपंच मागून खाकरला. एका शब्दाचं काम होतं. त्या शब्दानं कुणाचं काही जाणार नव्हतं आणि दुपारची सावली, जनावरांची जागा, सगळं होतं तसं राहणार होतं. कडूबाईनंही तो शब्द तोंडापर्यंत आणला असावा, कारण तिचे ओठ हलले. मग ती खड्ड्याच्या काठाशी बसली, भिंतीतून मूठभर माती काढली आणि तिच्याकडं बघत राहिली.

आणून टाकली म्हणायचं म्हणजे कुणी तरी ट्रॅक्टर लावला, एका दिवसात ओतली आणि निघून गेला. मग सासूनं जन्मभर जी जनावरं इथं आणून बसवली ती कुठं बसली? सासऱ्यानं पाठीवर दगड वाहिले ते कशासाठी? कचरू ज्या मातीवर शेवटचा टेकला ती कुणा परक्याची? तिला ते म्हणवेना. जिभेवर आलेलं खोटं तिनं गिळून टाकलं, आणि ते गिळताना तिला फार दुखलं.

"नाय सायेब," ती म्हणाली. "आणलेली नाय. हितलीच हाय. आमच्या माणसांनी आन जनावरांनी बसून बसून केलीय ती."

संध्यानं मान खाली घातली आणि लिहून घेतलं.

"पोरी," कडूबाईनं विचारलं, "अशी माती व्हायला किती सालं लागत्यात?"

"नक्की सांगता येत नाही, आजी. नुसत्या खडकातून बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. जनावरं बसली, माणसांनी राखली, तर लवकर होते. तरी एका माणसाच्या आयुष्यात नाही होत."

नवा नकाशा आला. गायरान चराईला राहिलं, कुणाची जनावरं बाजारात गेली नाहीत, आणि हिवराच्या तुकड्याला तेवढं कुंपण पडलं. गावानं कडूबाईला शहाणी म्हटलं आणि खुळीही म्हटलं. लेकीनं फोनवर विचारलं, "आता तरी येशील ना?" या वेळी कडूबाई 'येते की' म्हणाली नाही.

कुंपण पडलं त्या दुपारी जनावरं सवयीनं हिवराकडं गेली आणि तारेशी थटून उभी राहिली. कडूबाईनं आपल्या शेळ्यांना एकेकीचं नाव घेऊन हाका मारल्या, वळवून पठाराच्या मधोमध उघड्या बरडावर आणलं आणि डोक्यावर पदर ओढून स्वतः आधी खाली बसली. मुरूम टोचत होता. बराच वेळ शेळ्या तिच्याभोवती नुसत्याच उभ्या राहिल्या. मग एक बसली, तिच्या मागून दुसरी बसली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना पुन्हा तिथंच आणून बसवलं.