भावोजींना सांगितलेला धनेश

देवाने उजवा प्रसाद दिलेलं लग्न मी एका पक्ष्यापायी मोडलं. चूक सर्वस्वी माझी.

भाचीला हळर्णचा मुलगा सांगून आला होता. बोटीवर नोकरीला. देवळात पाकळ्या लावून कौल घेतला, तर उजवी पाकळी आधी पडली. सगळे खूश. तेवढ्यात पाळी गावच्या आमच्या भावोजींनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, मला मुलाचा फोटो दाखवला. हातावर बसलेला मोठ्या रंगीत चोचीचा पक्षी, फोटोखाली लिहिलेलं : कोस्टा रिका.

"तू पक्षीवालो मरे? सांग, हो कसलो?"

रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतो म्हणून डिचोलीत माझी तेवढी ओळख आहे. 'माहीत नाही' म्हणणं जिवावर आलं. "धनेश," म्हणालो. "आपल्याच रानात असतो."

"आनी छाती हळदुवी ती?"

"पिल्लू असेल. मोठेपणी पिवळा रंग जातो."

हे मी कुठून आणलं, कोण जाणे.

भावोजींची हयात खनिजाच्या ट्रकांवर गेलेली. संशय त्यांना चटकन येतो. "म्हणजे हो बोटीर ना! चोर्ल्याच्या घाटात बसून आमकां कोस्टा रिका दाखयता!"

संध्याकाळी त्यांनी हळर्णला नकार कळवला.

"अहो, देवान कौल दिल्लो," ताई म्हणाली.

"देवाक पक्षी खंय दाखयल्लो?"

दुसऱ्या दिवशी भाची आली. मुलगा तिला मनापासून आवडला होता. फोटो तिने माझ्या नाकासमोर धरला. "मामा, धनेशाच्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा असतो, हे मला कोणी शिकवलं?"

"मी."

"मग ह्याचा कुठं गेला? बोटीत विसरला?"

माझ्याकडच्या पुस्तकात तो पक्षी नव्हताच. शेवटी मोबाइलवर सापडला : टूकन. कोस्टा रिकासारख्या तिकडच्या देशांतल्या रानांत राहणारा. आपल्या धनेशाचा तो लांबचा पाहुणासुद्धा नाही.

"बाबांना सांग. आणि हळर्णला तू स्वतः जा, फोन नको," भाची म्हणाली.

भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. "ती दुर्बीण विकून टाक," एवढंच म्हणाले, आणि होकार दिला.

हळर्णला मुलाचे वडील अंगणात सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आमचो पोरगो फटींग, न्हय?"

"नाही. त्याने खरं सांगितलं होतं," मी उभ्यानेच म्हणालो. "फटींग मी. ओळखत नसताना ओळखतो म्हणालो. भाचीला तुमचा मुलगा हवा आहे, भावोजींचीही आता ना नाही. माझ्या फुशारकीचा राग त्या दोघांवर काढू नका. चुकलो मी. मला माफ करा."