चाच्यांच्या जहाजावरचा अविश्वास ठराव

ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. अमेरिकेत शिकायला गेलेला माझा मामेभाऊ सुट्टीत कोल्हापूरला आला तेव्हा त्यानं सेंट, चॉकलेट असलं माणसासारखं काही आणलं नाही. आणली काय, तर खेळांची तीन खोकी. तीही सगळी द्यायला नव्हे. "यातलं एक ठेव, दोन मला परत न्यायचीत," म्हणाला. भेट देतानाही हात आखडता. खेळ कसा, तर पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि "आता मी असं करतो" म्हणायचं. जमलं की फसलं ते फासा सांगणार. एवढं सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे नुसत्या थापा मारायच्या. त्याला अमेरिकेहून खोकं कशाला आणायला पाहिजे?"

पहिल्या खोक्यात राक्षस आणि मंतरलेल्या तलवारी होत्या. भुताखेताचं आम्हाला नवल नव्हतं. आमच्या गल्लीत प्रत्येक चिंचेला एक होतं. दुसऱ्यात अवकाशयानं होती आणि प्रत्येक पानावर गणित. गणितातच माझं एक वर्ष वाया गेलं होतं, ते परत विकत कोण घेणार? तिसऱ्यात समुद्री चाचे. त्याचं पुस्तक सगळ्यांत पातळ होतं आणि आत नकाशे बरे होते, म्हणून ते ठेवलं. निवडीमागं याहून थोर विचार काही नव्हता.

खोकं माझं, म्हणून गोष्ट चालवणारा मी. वादळ आणायचं मी, वारा पाडायचा मी, व्यापारी जहाज दाखवायचं मी. बाकीचे मला 'देवा' म्हणायचे, पण त्यात भक्तीचा लवलेश नव्हता. "देवा, चहा सांग की खाली," असं. खेळणारे तिघं. माझी धाकटी बहीण, जिची जीभ त्या फाशापेक्षा जास्त बाजूंनी चालायची. तिच्यासोबत तालमीतला एक पैलवान मित्र, जो प्रत्येक प्रसंगात "मी त्याला उचलून आपटतो" एवढंच म्हणायचा. आणि आमच्या माडीवर भाड्यानं राहणारा बिद्रीकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा, माझ्याच वर्गातला. खेळात कप्तान तो.

त्याचं एक दुखणं होतं आणि ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. परीक्षेच्या नावाखाली तो मुंबईला जाऊन मुलाखत देऊन आला होता, मालवाहू जहाजावरच्या नोकरीची. निवड झाली होती. पण रुजू होण्याआधी वडिलांची सही हवी होती, आणि वडिलांना यातलं अक्षर माहीत नव्हतं. त्यांनी घरी ठरवून टाकलं होतं: पोरगं बी.एस्सी. झालं की ऊस बघणार, मग सोसायटीत जाणार, मग पुढं कारखान्याच्या पॅनेलात. हा रोज म्हणायचा, "आज सांगतो." कोल्हापूर ते बिद्री जेमतेम तासाभराचं अंतर, पण याचं तोंड काही तिथवर पोचत नव्हतं.

आता खेळाबद्दल. पुस्तकात लिहिलं होतं की चाच्यांच्या जहाजावर कप्तान नेमत नाहीत, तो खलाशांच्या मतानं निवडून येतो, आणि पटला नाही तर खलाशी त्याला मतानंच पाडतात. हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि खेळाचं वाटोळं झालं. तिघांचेही डोळे चमकले. पुढचे तीन रविवार जहाज बंदरातून हललं नाही. मी खजिन्यानं भरलेली बोट समोरून नेली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे प्रचारात.

जहाजावर चाळीस खलाशी होते आणि ते सगळे अर्थातच मी. बहिणीनं त्यातले बारा फोडले आणि मतदानाआधी एका बेटावर सहलीला नेऊन ठेवले, दुसऱ्या कुणी गाठू नये म्हणून. नारळपाणी आणि मासे फुकट. "हे कुठल्या नियमात बसतं?" मी विचारलं. "आपल्याकडं कुठल्या नियमात बसतं?" ती म्हणाली.  एवढं करून ती हरली, कारण तिच्या बारा खलाशांना बेटावरून परत आणणारी होडी आमच्या भाडेकरूनं पळवली. तो निवडून आला, पैलवानानं गुलाल म्हणून आईच्या डब्यातलं कुंकू उधळलं, आणि आईनं आम्हाला दोन दिवस चहा दिला नाही.

चौथ्या रविवारी दुपारी जहाज एकदाचं बंदर सोडून समुद्रात निघालं, तोच जिन्यावर कोल्हापुरी वहाणांचा आवाज आला आणि आमच्या कप्तानाचा चेहरा पडला. "आबा," तो पुटपुटला. दारात त्याचे वडील. अंगानं आडवे, फेटा, हातात दुधाची किटली, आणि आवाज असा की समोरच्या घरातल्यांनी आम्हाला न विचारता खिडकी उघडली.

"परीक्षा सपून आठ दिस झालं," ते म्हणाले. "हितं काय करालायस? पिशवी भर, पाचच्या गाडीनं जायाचं हाय."

बहिणीनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, "आबा, गाडीला वेळ आहे. बसा, खेळ बघा, वाटलं तर खेळा." त्यांना तिथं बसवायचं, पोराला तेवढ्यात धीर येईल, एवढीच माझी अक्कल.

खेळ काय ते त्यांनी दोन मिनिटांत समजून घेतलं. आम्हाला दोन रविवार लागले होते. "म्हंजी पोरगं कप्तान आन् बापानं दोर वडायचा?" त्यांनी विचारलं.

"नवा माणूस खालनंच सुरू करतोय, आबा," पोरगा म्हणाला. "नियम हाय."

"बरं," ते म्हणाले आणि मांडी घालून बसले. समुद्र कुठला, दुश्मन कोण, खजिना कुठं, काही नाही. पहिला प्रश्न मला: "मतदार किती?"

"चाळीस."

"नाराज किती?"

मी देव असूनही हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मग एकेक खलाशी गाठला. मला प्रत्येकाच्या तोंडून बोलावं लागलं. स्वयंपाक्याला त्यांनी विचारलं, पोरगी लग्नाची हाय का? सुताराला विचारलं, तुझा भाऊ त्या दुसऱ्या जहाजावर असतोय, त्याचं कसं चाललंय? मी त्या सुताराला भाऊ दिलाच नव्हता, पण आबांनी विचारल्यावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. सगळ्यांना त्यांनी आठवड्याला एक बोकड कबूल केला.

"आबा, भर समुद्रात बोकड कुठला?" मी म्हटलं.

"ते निवडून आल्यावर बघू," ते म्हणाले.

तासाभरात त्यांनी पोराविरुद्ध अविश्वास ठराव आणला. पैलवान फुटला, बोकडासाठी. माझी बहीण तर पाडायलाच टपलेली. ठराव मंजूर, आबा कप्तान. पाडलेल्या कप्तानाचं काय करायचं ते मी पुस्तकातून वाचलं: त्याला एक पिस्तूल आणि पाण्याची एक बाटली देऊन ओसाड बेटावर सोडून द्यायचं.

आबांना ते पसंत पडलं नाही. "असं कुटं असतंय व्हय? पाडलेल्या माणसाचा मान ठिवावा लागतोय. उद्या त्योच आपल्या पॅनेलात येतोय." मग पोराकडं बघून मिशीत हसले. "ह्याला घरी सोडा. जहाज फिरवा बंदराकडं. उसाला पाणी पाजायचं हाय."

"मी उतरणार न्हाय," पोरगा म्हणाला.

"पाडलाय की तुला. तू कोण न्हाय म्हननारा?"

"कप्तान नगो. खलाशी म्हणून ऱ्हातो. पर जहाजावरच ऱ्हातो."

"एवढं काय हाय रं त्या जहाजावर?"

पोरानं हातातला फासा खाली ठेवला. "आबा, मी खेळातलं बोलत न्हाय," तो म्हणाला, आणि मग थांबलाच नाही. मुंबई, मुलाखत, निवड, सही, सगळं एका दमात. पैलवानाचं शेंगा खाणं थांबलं. मी जमिनीकडं बघत बसलो. इतका घाबरलो होतो की जणू नोकरी मलाच लागली होती.

आबांनी दुधाची किटली उगाच मागं सरकवली. 

"पोहाय येतंय तुला?" त्यांनी अखेर विचारलं.

"विहिरीत येतंय की. तुमीच ढकलून शिकवलंय."

"विहिरीला काठ असतोय." आणि मग, "कवापासनं हाय हे डोक्यात?"

"दिवाळीपासनं."

"आन् मला आता सांगतोयस?"

"तुमच्यासमोर बोलाय जमंना, आबा."

हे त्यांना लागलं. मी बघितलं. उभ्या तालुक्यात ज्यांच्याजवळ माणसं तंटे घेऊन येत होती, बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन येत होत्या, त्यांच्यासमोर स्वतःच्या पोराला बोलता येत नव्हतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

मग ते माझ्याकडं वळले. "सभा अजून चालू हाय न्हवं?"

"हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून 'आहे' निघेना.

"मग ठराव मांडा. ह्याला जहाजावर जाऊ द्यायचं का न्हाय. खेळातला न्हवं, खरा."

मी मांडला. आवाज फाटला, पण मांडला. बाजूनं कोण, असं विचारायच्या आधीच बहिणीचा हात वर. मग माझा. मग पोराचा, भीत भीत, अर्धा. पैलवानानं दोन्ही हात वर केले.

"एक खाली घे, पैलवान," आबा म्हणाले. "बोगस मतदान नगो."

आम्ही हसलो, आणि हसताना बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती खिडकीकडं वळली. तिथं समोरच्या घरातली मंडळी कठड्यावर टेकून सगळं ऐकत होती. तिनं खिडकी लावून घेतली.

"विरोधात?" आबांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःचा उजवा हात वर केला. "एक. ठराव मंजूर. विरोधातलं मत बी धरा. ह्याच्या आईला सांगाय पायजे मला, मी विरोधात हुतो म्हनून. जा, आण त्यो कागद. सही करतो."

पोरगा धडपडत ट्रंकेकडं गेला. कागद आणून त्यानं आबांपुढं ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं. आबा त्या कागदाकडं बघत होते आणि त्यांचा उजवा हात तसाच वर होता. पोरगा पेन धरून थांबला. मग गुडघ्यावर टेकून त्यांच्या जवळ सरकला.

"मोजलं, आबा," तो हळूच म्हणाला. "घ्या की हात खाली."